मराठी भाषकाने युक्रेनियनची सुरुवात कोठून करावी?

आपला प्रश्न मला असा समजला. आपण पुण्यात सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करता, आपल्या टीममधील निम्मे सहकारी युक्रेनमधील ल्वीव शहरात आहेत आणि त्यांच्याशी कामापलीकडचे चार शब्द त्यांच्याच भाषेत बोलता यावेत अशी आपली इच्छा आहे. परंतु अनोळखी लिपी, सात विभक्त्या आणि ‘आधी रशियन शिका, मग युक्रेनियन आपोआप येईल’ असा कोणीतरी दिलेला सल्ला, यांमुळे आपण सुरुवातीलाच अडखळला आहात. सहा महिन्यांत कितपत मजल मारता येईल आणि त्यासाठी मोबाइलवरचे ॲप पुरेल का, हेही आपण विचारले आहे.

या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे असे मला वाटते, आणि ती विभक्त्यांची नाही. युक्रेनियनशी आपली जी काही ओळख झाली ती इंग्रजी पुस्तकांतून आणि इंग्रजी ॲपमधून झाली. ज्याच्या मातृभाषेत नामाला व्याकरणिक लिंग नाही, प्रत्यय लागताना शब्दाचे रूप बदलत नाही आणि ‘तू’ व ‘तुम्ही’ हा भेदही उरलेला नाही, अशा वाचकासाठी ही साधने लिहिलेली असतात. त्या वाचकाला जे डोंगराएवढे वाटते ते मराठी माणूस रोज सहज करत असतो. आणि त्या वाचकाला जेथे काहीच खटकत नाही तेथे मराठी माणूस हमखास घसरतो. मी गेली बरीच वर्षे मराठी भाषकांना युक्रेनियन शिकवतो. तेर्नोपील किंवा ख़ार्कीव येथे वैद्यकीय शिक्षणासाठी जाणारे विद्यार्थी माझ्याकडे येत असत. त्यांची व्याख्याने इंग्रजीत असली तरी वॉर्डातल्या रुग्णाची विचारपूस इंग्रजीत करता येत नाही. आपल्यासारखे नोकरदारही येतात. या सगळ्यांना शिकवताना माझे एक मत पक्के झाले आहे: आपण ही भाषा मराठीच्या आधाराने शिकावी, इंग्रजीला मधे घेऊ नये. पुढील सारे विवेचन याच अंगाने केले आहे.

काही गोष्टी अर्थातच परिस्थितीवर अवलंबून आहेत. ज्याला रशियन किंवा पोलिश आधीच येते त्याचा मार्ग वेगळा असेल. ज्याला फक्त कागदपत्रे वाचायची आहेत त्याने उच्चारांवर इतका वेळ घालवण्याचे कारण नाही. आणि जो त्या देशात राहतो त्याला कानांवर पडणाऱ्या भाषेचा जो फायदा मिळतो तो पुण्यात बसून मिळणार नाही. आपल्याला बोलायचे आहे, तेही ल्वीवच्या माणसांशी, आणि स्लाव्हिक कुळातली कोणतीही भाषा येत नाही, असे गृहीत धरून मी लिहितो.

प्रथम रशियनचा प्रश्न निकालात काढू. आपल्या बाबतीत रशियन आधी शिकण्याची काहीही गरज नाही, आणि शिकल्यास ती वाटेत येईल. दोन्ही भाषा पूर्व स्लाव्हिक शाखेच्या आहेत, दोन्हींची लिपी सिरिलिक आहे, पण युक्रेनियनच्या ३३ अक्षरांतील चार अक्षरे रशियनमध्ये नाहीत आणि रशियनमधील चार युक्रेनियनमध्ये नाहीत. त्याहून त्रासदायक असे की, दिसायला सारखी असलेली काही अक्षरे वेगळी उच्चारली जातात. दुधाला दोन्हीकडे एकाच स्पेलिंगचा शब्द आहे. युक्रेनियन माणूस तो जसा लिहिला तसा ‘मोलोको’ असा उच्चारतो, तर रशियन माणूस ‘मलाको’ असे काहीसे म्हणतो. शब्दसंग्रहातही खाचखळगे आहेत. ‘नेदील्या’ म्हणजे युक्रेनियनमध्ये रविवार, तर त्याच्याशी मिळताजुळता रशियन शब्द आठवड्याचा वाचक आहे. युक्रेनियन ‘चास’ म्हणजे वेळ, रशियन ‘चास’ म्हणजे तास. युक्रेनियन ‘मीस्तो’ म्हणजे शहर, तर रशियन ‘म्येस्तो’ म्हणजे जागा. आभार मानण्याचा ‘द्याकुयु’ हा शब्द तर रशियनऐवजी पोलिशच्या जवळचा आहे. रशियनमार्गे आलेला विद्यार्थी पुष्कळसे समजू लागतो हे खरे, पण बोलताना तो दोन्हींची सरमिसळ करतो. अशा मिश्र बोलीला युक्रेनमध्ये ‘सुर्झ़िक’ म्हणतात. मूळ अर्थ मिसळलेले धान्य. जन्मतः ती बोलणाऱ्यांची ती घरची बोली आहे आणि तिच्यात कमीपणा काही नाही, पण परक्याने ती सवय मुद्दाम लावून घेऊ नये.

याला भाषेबाहेरची बाजूही आहे, आणि ती मला अतिशय महत्त्वाची वाटते. १८६३ मध्ये रशियन साम्राज्याचे गृहमंत्री वालुयेव यांच्या परिपत्रकाने सर्वसामान्यांसाठीची युक्रेनियन पुस्तके छापण्यावर बंदी आली, आणि १८७६ मध्ये सम्राट दुसरा अलेक्झांडर याच्या एम्स येथील फर्मानाने ती आणखी कडक झाली. बाहेर छापलेली पुस्तके आणण्यासही मनाई झाली. त्या काळात ऑस्ट्रियाच्या अमलाखालील ल्वीव हे युक्रेनियन छपाईचे मोठे केंद्र राहिले, म्हणजे आपल्या सहकाऱ्यांच्या शहराचा या भाषेच्या जगण्याशी थेट संबंध आहे. सोव्हिएत काळात १९२८ च्या प्रमाणलेखनातून ‘ग’ या ध्वनीचे अक्षरच १९३३ मध्ये काढून टाकले गेले. ते १९९० मध्ये परत आले. ख़ार्कीव किंवा ओदेसाकडच्या अनेक घरांत रशियन बोलली जात असे, परंतु २०२२ नंतर त्यांपैकी बऱ्याच जणांनी ठरवून युक्रेनियनचा वापर सुरू केला आहे. अशा माणसाने आपल्याशी कोणत्या भाषेत बोलावे हे त्याचे त्याने ठरवावे. आपण मात्र सुरुवात युक्रेनियनने करावी.

आता उच्चारांकडे येऊ, कारण माझ्या मते पहिला महिना बहुतांशी त्यांनाच द्यायला हवा. या उत्तरात मी युक्रेनियन शब्द देवनागरीत लिहितो आहे. ‘ज़’ हा ‘जमीन’मधील ज समजावा; ‘झ़’ हा मराठीत नसलेला ध्वनी आहे, ‘श’ म्हणताना कंठातून नाद काढला की तो साधतो; ‘ख़’ हा घशातून घासून निघणारा आहे आणि ‘त्स’ म्हणजे ‘चमचा’मधील च. ऱ्हस्व आणि दीर्घ वेलांटीचा उपयोग मी दोन वेगळे स्वर दाखवण्यासाठी केला आहे, त्यांत लांबीचा संबंध नाही.

मराठी भाषकाच्या पदरात येथे बरेच काही आधीच असते. युक्रेनियनमध्ये ‘त्स’ आणि ‘च’ ही दोन स्वतंत्र अक्षरे आहेत, आणि ‘चमचा’ व ‘चहा’ यांतला फरक आपण लहानपणापासून करतो. ‘द्ज़’ आणि ‘ज’ यांचेही तसेच. ‘द्ज़ेर्कालो’ म्हणजे आरसा आणि ‘जेरेलो’ म्हणजे झरा, हे दोन्ही शब्द मराठी माणूस पहिल्याच दिवशी स्वच्छ म्हणतो. ज्या अक्षराला रशियन माणूस ‘ग’ म्हणतो ते युक्रेनियनमध्ये आपला ‘ह’ आहे: डोके म्हणजे ‘होलोवा’, पुस्तक म्हणजे ‘क्निहा’. खराखुरा ‘ग’ मोजक्या शब्दांत येतो, उदाहरणार्थ ‘गुद्ज़िक’, म्हणजे बटण. शब्दाच्या शेवटी येणारा ‘व’ ओठ सैल सोडून ‘उ’च्या जवळ नेतात, साधारण आपण ‘गाव’ किंवा ‘भाव’ म्हणताना नेतो तसा. म्हणून ल्वीवचे लोक स्वतःच्या शहराचे नाव ‘ल्वीउ’ असे काहीसे उच्चारतात. त आणि द तर आपलेच दंत्य आहेत. येथेच इंग्रजीचा अडथळा जाणवतो. रोमन लिपीत लिहिलेला शब्द पाहिला की मराठी विद्यार्थी ‘टी’ला ट आणि ‘डी’ला ड म्हणतो, आणि ‘हो’ या अर्थाचा साधा शब्द ‘ताक’ त्याच्या तोंडी ‘टाक’ होतो. तोच शब्द देवनागरीत लिहून दिला तर ही अडचण उद्‌भवतच नाही.

कष्ट पडतात ते तीन ठिकाणी. पहिले, वर सांगितलेले दोन स्वर. ‘दीम’ म्हणजे घर आणि ‘दिम’ म्हणजे धूर. ‘कीत’ म्हणजे मांजर आणि ‘कित’ म्हणजे देवमासा. ‘लीस’ म्हणजे जंगल आणि ‘लिस’ म्हणजे कोल्हा. यांतील दुसरा स्वर ‘इ’ आणि ‘ए’ यांच्या मधला आहे. जीभ ‘इ’च्या जागेवरून थोडी खाली आणि किंचित मागे घ्यावी लागते. या जोड्या मी विद्यार्थ्यांकडून रोज म्हणून घेतो, आणि त्याआधी त्या नुसत्या ऐकून ओळखायला लावतो. जो भेद कानाला कळत नाही तो जिभेला जमत नाही.

दुसरे, मृदू व्यंजने. ‘देन्य’ (दिवस), ‘सील्य’ (मीठ) असे शब्द मी य जोडून लिहितो, पण तो य वेगळा ऐकू येत नाही. न म्हणतानाच जिभेचा मधला भाग टाळूकडे उचलला जातो आणि व्यंजन तेथेच संपते. ‘सिन’ म्हणजे मुलगा, आणि शेवटचा न मृदू केला की ‘सिन्य’ म्हणजे निळाई. मराठी माणूस ‘धान्य’सारखा शेवटी ‘अ’ लावतो. तो टाळण्यासाठी पुढचा शब्द लगेच जोडून म्हणण्याचा सराव उपयोगी पडतो.

तिसरे आणि सर्वांत कठीण म्हणजे आघात. मराठीत शब्दातील एखाद्या अक्षरावर जोर दिल्याने अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपण सर्व अक्षरे साधारण एकाच वजनाने बोलतो. युक्रेनियनमध्ये आघात कोणत्याही अक्षरावर असू शकतो, रूप बदलले की तो सरकतोही, आणि छापील मजकुरात तो दाखवलेला नसतो. ‘ज़ामोक’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप. ‘रुका’ म्हणजे हात, जोर शेवटच्या अक्षरावर. अनेकवचन ‘रुकि’ केले की तो पहिल्या अक्षरावर येतो. म्हणून वहीत नवा शब्द लिहिताना आघाताची खूण केल्याशिवाय तो लिहूच नये, असा माझा आग्रह असतो. ‘होरोख़’ नावाचा ऑनलाइन युक्रेनियन शब्दकोश प्रत्येक शब्दाचा आघात आणि त्याची सर्व विभक्तिरूपे दाखवतो; तो फोनवर कायम उघडा ठेवावा.

लिपीबद्दल फार लिहीत नाही, कारण ती दहा-पंधरा दिवसांत येते. गोंधळ उडवणारी अक्षरे मोजकी आहेत: इंग्रजी ‘एच’सारखे दिसणारे अक्षर ‘न’ आहे, ‘पी’सारखे ‘र’, ‘सी’सारखे ‘स’, ‘बी’सारखे ‘व’, ‘वाय’सारखे ‘उ’ आणि ‘एक्स’सारखे ‘ख़’. डोक्यावर दोन टिंबे असलेली उभी रेघ दिसली की ते ‘यी’, आणि रशियन मजकुरात हे अक्षर सापडत नाही, त्यामुळे समोरचा मजकूर कोणत्या भाषेतला आहे हे त्यावरून कळते. व्यंजन आणि ‘या’, ‘यु’ यांसारख्या अक्षरांच्या मधे येणारी वरची खूण, उदाहरणार्थ पाच या अर्थाच्या ‘प्यात्य’ या शब्दात, एवढेच सांगते की आधीचे व्यंजन मृदू करू नका, य सुटा म्हणा. देवनागरीचा आधार या पंधरा दिवसांपुरताच घ्यावा. पुढे तो सोडून थेट सिरिलिकमध्ये वाचावे आणि लिहावे.

ज्या विभक्त्यांची आपल्याला धास्ती वाटते त्यांचे पाहू. मराठीत आपण ‘देऊळात’ म्हणत नाही, ‘देवळात’ म्हणतो. ‘दूध’चे ‘दुधात’ होते, ‘विहीर’चे ‘विहिरीत’. म्हणजे प्रत्यय लागण्यापूर्वी शब्दाचे अंग बदलते, ज्याला आपण सामान्यरूप म्हणतो, आणि कोणत्या शब्दाचे कसे बदलते हे कान सांगतो. युक्रेनियनमध्ये नेमके हेच घडते. ल्वीव हेच उदाहरण घ्या. ‘मी ल्वीवला जातो’ हे ‘यीदु दो ल्वोवा’, ‘मी ल्वीवमध्ये राहतो’ हे ‘झ़िवु उ ल्वोवी’, आणि ‘मी ल्वीवचा आहे’ हे ‘या ज़ी ल्वोवा’. मूळ नावातील ‘ई’ प्रत्यय लागताच ‘ओ’ झाला. नियम असा आहे की, व्यंजनाने बंद झालेल्या अवयवात (म्हणजे एका दमात उच्चारल्या जाणाऱ्या शब्दखंडात) ‘ओ’चा (आणि काही शब्दांत ‘ए’चा) ‘ई’ होतो आणि पुढे स्वर येऊन तो अवयव मोकळा झाला की मूळ स्वर परत येतो. ‘कीत’ म्हणजे मांजर, मांजराचे म्हणजे ‘कोता’. ‘स्तील’ म्हणजे टेबल, टेबलावर म्हणजे ‘ना स्तोली’. व्यंजनेही बदलतात: ‘रुका’चे हातात या अर्थी ‘व रुत्सी’ होते, ‘क्निहा’चे पुस्तकात या अर्थी ‘उ क्निज़ी’. इंग्रजी पुस्तके हे अपवादांच्या यादीसारखे मांडतात. ‘देऊळ’चे ‘देवळात’ करणाऱ्या माणसाला ते नैसर्गिक वाटायला हवे. फरक एवढाच की, आपले शब्दयोगी अव्यय नामामागून येते आणि युक्रेनियनचे नामाआधी.

कर्माच्या बाबतीत तर साम्य चकित करणारे आहे. मराठीत आपण ‘मी भावाला पाहतो’ म्हणतो, पण ‘मी टेबलाला पाहतो’ म्हणत नाही, ‘टेबल पाहतो’ म्हणतो. सजीव कर्माला प्रत्यय लागतो, निर्जीवाला लागत नाही. युक्रेनियन पुल्लिंगी नामांचे अगदी तसेच आहे: ‘बाचु ब्राता’, पण ‘बाचु स्तील’. हा नियम ‘भावाला आणि टेबल’ एवढ्या तीन शब्दांत मराठी वर्गात समजतो.

याहूनही उपयोगाची गोष्ट म्हणजे ‘मला’ने सुरू होणारी वाक्ये. ‘मला हे पुस्तक आवडते’ या वाक्यात क्रियापद पुस्तकाच्या मागे जाते, ‘मला’च्या नाही. युक्रेनियनमध्ये ‘मेनी पोदोबायेत्स्या त्स्या क्निहा’ याची बांधणी शब्दशः तीच आहे. ‘मला थंडी वाजते’ हे ‘मेनी ख़ोलोद्नो’, ‘मला हवे आहे’ हे ‘मेनी त्रेबा’. जवळ असणे सांगण्यासाठीही आपल्यासारखीच सोय आहे. ‘मला एक भाऊ आहे’ हे ‘उ मेने ये ब्रात’, म्हणजे ‘माझ्याकडे भाऊ आहे’. नसेल तर ‘नेमाये’ म्हणायचे आणि नामाला षष्ठीचे रूप द्यायचे: ‘उ मेने नेमाये चासु’, मला वेळ नाही. दोन नकारही आपल्यासारखे एकत्र नांदतात. या साच्यांची वाक्ये आपण मराठीत विचार करून थेट युक्रेनियनमध्ये बोलू शकता. मधे इंग्रजी आली की सगळे उलटे होते.

आता मराठी जेथे फसवते ती ठिकाणे सांगतो. लिंग तीन आहेत आणि ती बहुधा शेवटच्या अक्षरावरून ओळखता येतात, पण खुणा आपल्या सवयीच्या विरुद्ध आहेत. ‘घोडा’, ‘आंबा’ म्हणणाऱ्या माणसाला ‘आ’ने संपणारा शब्द पुल्लिंगी वाटतो, युक्रेनियनमध्ये ‘रुका’, ‘क्निहा’, ‘कावा’ (कॉफी) हे सारे स्त्रीलिंगी आहेत. व्यंजनान्त शब्द बहुतेक पुल्लिंगी, ‘ओ’ आणि ‘ए’ने संपणारे बहुतेक नपुंसकलिंगी.

दुसरी फसगत भूतकाळात होते. बोलणाऱ्याच्या लिंगानुसार क्रियापद बदलणे आपल्याला नवे नाही. पुरुष ‘या चिताव’ म्हणतो आणि स्त्री ‘या चिताला’, म्हणजे मी वाचत होतो, वाचत होते. परंतु मराठीत ‘तिने लेख वाचला’ आणि ‘तिने कविता वाचली’ यांत क्रियापद कर्माकडे पाहते. युक्रेनियनमध्ये ते फक्त कर्त्याकडे पाहते आणि कर्त्याला ‘ने’सारखा प्रत्ययही लागत नाही. ‘वोना प्रोचिताला लिस्त’ म्हणजे तिने पत्र वाचले. ‘लिस्त’ पुल्लिंगी असला तरी क्रियापद स्त्रीलिंगीच राहते. चांगल्या तयारीचे विद्यार्थीही येथे महिनोन्‌महिने चुकतात, कारण ही मराठीची सवय खोलवर गेलेली आहे.

तिसरे क्षेत्र क्रियापदांच्या जोड्यांचे आहे. बहुतेक क्रियांना दोन क्रियापदे असतात. एक चालू असलेली किंवा वारंवार होणारी क्रिया सांगते, दुसरे ती पूर्ण झाल्याचे सांगते. ‘रोबिति’ म्हणजे करणे, ‘ज़्रोबिति’ म्हणजे करून टाकणे. ‘करत होतो’ आणि ‘करून टाकले’ यांतला आपला भेद सुरुवातीला मदत करतो, पण मराठीत ‘टाकणे’ ऐच्छिक आहे आणि युक्रेनियनमध्ये दरवेळी दोहोंपैकी एक निवडावेच लागते. पूर्णतावाचक क्रियापदाला वर्तमानकाळ नसतो. त्याची वर्तमानासारखी दिसणारी रूपे भविष्य सांगतात. आपल्या मीटिंगमध्ये कोणी ‘ज़्रोब्ल्यु ज़ाव्त्रा’ म्हणाले तर काम उद्या पूर्ण करून देईन असा शब्द मिळाला असे समजावे, आणि ‘ज़ाव्त्रा रोबितिमु’ म्हणाले तर उद्या त्यावर काम करत असेन एवढेच. क्रियापद पाठ करताना नेहमी जोडीनेच पाठ करावे.

संख्यांची एक गंमतशीर शिस्त आहे: ‘ओदिन रीक’ (एक वर्ष), ‘द्वा रोकि’ (दोन वर्षे), पण ‘प्यात्य रोकीव’. दोन, तीन, चार यांच्यानंतर साधे अनेकवचन, पाचपासून षष्ठीचे अनेकवचन. महिन्यांची नावे इंग्रजीशी जुळत नाहीत म्हणून पाठ करावीच लागतात, पण ती फार सुंदर आहेत: मे म्हणजे ‘त्रावेन्य’, गवताचा महिना, ऑगस्ट ‘सेर्पेन्य’, विळ्याचा, नोव्हेंबर ‘लिस्तोपाद’, पानगळीचा. मार्चचे ‘बेरेज़ेन्य’ हे नाव ज्या झाडावरून आले त्याच झाडाला संस्कृतात भूर्ज म्हणतात, आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे आहेत. असे सगोत्र शब्द पुष्कळ सापडतात. नवऱ्याच्या भावाला युक्रेनियनमध्ये ‘दीवेर’ म्हणतात आणि मराठीत दीर. त्यांचा आनंद जरूर घ्यावा, मात्र ते शोधत बसून शब्दसंग्रह वाढत नाही.

वेळेबद्दल बोलायचे तर, अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षण संस्था आपल्या इंग्रजी भाषक अधिकाऱ्यांना युक्रेनियनमध्ये कामकाजापुरते तरबेज होण्यासाठी सुमारे ४४ आठवडे, म्हणजे ११०० तास धरते. तो आकडा आपल्याला जसाच्या तसा लागू नाही, कारण व्याकरणाचा निम्मा भार मराठीने आधीच उचललेला आहे. पण शब्द तेवढेच पाठ करावे लागतात. रोज पाऊण तास दिल्यास सहा महिन्यांत आपण स्वतःची ओळख करून द्याल, विचारपूस कराल, हवामान, घर, जेवण यांवर बोलाल आणि सावकाश बोललेले समजाल. तांत्रिक चर्चा सहा महिन्यांत होणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून निराश होऊ नये.

डुओलिंगोवर इंग्रजीतून युक्रेनियन शिकण्याचा अभ्यासक्रम आहे. शब्द आणि लिपी घोटण्यासाठी तो चांगला आहे, पण ‘ल्वीव’चे ‘ल्वोवा’ का झाले याचे समाधानकारक उत्तर तो देत नाही, म्हणून तो एकटा पुरणार नाही. पहिला महिना ध्वनी, लिपी आणि आघात. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात षष्ठी, कर्माची विभक्ती आणि स्थळाची विभक्ती, तीही तक्त्यांतून नव्हे तर आपल्या शहराच्या, घराच्या आणि ऑफिसच्या वाक्यांतून. चौथ्यापासून क्रियापदांच्या जोड्या, असा क्रम मी सुचवीन. तक्ता शेवटी, उजळणीसाठी पाहावा. ऐकण्यासाठी युक्रेनियन रेडिओच्या बातम्या स्वच्छ असतात. हेच रेडिओ दर वर्षी युक्रेनियन लेखन आणि भाषा दिनाच्या निमित्ताने, जो २०२३ पासून २७ ऑक्टोबरला असतो, देशभरासाठी श्रुतलेखन प्रसारित करते आणि शाळकरी मुलांपासून मंत्र्यांपर्यंत सारे ते लिहून घेतात. वर्षभराने आपणही ते लिहून पाहावे.

शेवटी सहकाऱ्यांशी प्रत्यक्ष बोलण्याविषयी. आपल्याप्रमाणेच ‘ति’ आणि ‘वि’, म्हणजे तू आणि तुम्ही, हा भेद पाळला जातो. समवयस्क सहकारी लवकरच ‘ति’वर येतात, पण तो प्रस्ताव त्यांच्याकडून येऊ द्यावा. हाक मारताना संबोधनाची विभक्ती वापरावी: ओलेनाला ‘ओलेनो’, तारासला ‘तारासे’, आन्द्रीयला ‘आन्द्रीयु’, मित्राला ‘द्रुझ़े’. आदराने बोलायचे तर ‘पाने ईवाने’, ‘पानी ओलेनो’. ल्वीवकडे ही पद्धत विशेष रूढ आहे. ‘युक्रेनमध्ये’ हे ‘व उक्रायीनी’ असे म्हणावे. ‘ना’ हे अव्यय लावलेले रूप रशियन वापरातून ऐकू येते आणि ते अनेकांना लागते. पहिल्या कॉलला ‘या व्चु उक्रायीन्स्कु’, मी युक्रेनियन शिकतो आहे, एवढे सांगून ‘होवोरीत्य, बुद्य लास्का, पोवील्नीशे’, कृपया जरा सावकाश बोला, अशी विनंती करावी. त्याबरोबर ‘विप्राव्ल्यायते मेने, बुद्य लास्का’, माझ्या चुका दुरुस्त करा, हेही आवर्जून म्हणावे. ते म्हटले नाही तर समोरचा माणूस सौजन्याने आपल्या चुका पोटात घालतो, आणि दुसऱ्या वाक्याला इंग्रजीवर येतो.